खुर्चीखालची घोंगडी

आमच्या कडेगावकडच्या रानात डिसेंबरात मेंढरं बसायची. कळप दरवर्षी एकाच मेंढक्याचा. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. नाताळच्या सकाळी वडील त्यांची घोंगडी मागून घ्यायचे. गावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गोठ्यातली खरी गव्हाण ठेवलेली असे. तिच्यात कडबा, कडब्यावर ती घोंगडी आणि घोंगडीवर कापडाचं बाळ. तात्या आमच्या धर्माचे नव्हते. ते दाराशी काठी टेकून उभे राहत. वडील पवित्र शास्त्रातला येशूच्या जन्माचा भाग वाचत, आणि मेंढपाळांना बातमी कळते तिथं आले की मान वर करून तात्यांकडे बघत.

"सांगावा आदी आमच्याकडं आला," तात्या नंतर मिशीला हात लावून म्हणायचे. "पाटलाकडं न्हाई गेला."

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तात्याही थकले, कळप मुलांकडे गेला. गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा म्हणाले, "पोरी, ते वाचन एकदा ऐकायचं हाय बग. तुजा बा गेल्यापासनं कुणी बोलवलंच न्हाई." मी शब्द दिला.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ही नोकरी मला मुख्याध्यापिका बाईंनी दिली. त्या आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या. मी लहान असताना सुट्टीत गावी येऊन रविवारच्या शाळेत तो जन्माचा भाग माझ्याकडून तोंडपाठ करून घेतला, तोही त्यांनीच. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच शाळेच्या नाताळ कार्यक्रमात गव्हाण मांडून वाचन करू का, असं विचारायला मला भीती वाटली नाही.

"करू या की," बाई म्हणाल्या. "घोंगडी खरी आण हं."

कार्यक्रमाच्या दिवशी तात्या सकाळच्या एसटीनं आले. धुतलेला फेटा, खांद्यावर घोंगडी. ती मी शिपायाकडे दिली आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

पडदा उघडला. गव्हाण नव्हती. एका खेळण्यांच्या दुकानाचा मोठा फलक होता, आणि खाली खुर्चीवर सांताक्लॉज. फरशीवर खुर्ची सरकत होती म्हणून तिच्या पायांखाली तात्यांची घोंगडी घातलेली. पालक मुलांना एकेक करून त्याच्या मांडीवर बसवून फोटो काढत होते.

मी पडद्यामागे धावले. "बाई, वाचन?"

"अगं, दुकानवाल्यांनी सगळा खर्च उचललाय. त्यांना तासभर फोटोच हवेत. गोष्ट कोण ऐकतंय आता? आणि तू तरी एवढं मनावर घेतेस!"

चालू कार्यक्रमात खुर्ची हलवून घोंगडी काढायलाही धजले नाही. बाहेर आले तेव्हा तात्या शेजारच्या पालकाला विचारत होते, "आवं, बाळ कवा आणत्यात?"

"बाळ नाही हो बाबा, सांता आहे," तो हसून म्हणाला. "बसताय का मांडीवर?"

तात्याही हसले. पण त्यानंतर त्यांनी स्टेजकडे पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर शिपायानं घोंगडी घडी करून तात्यांकडे दिली. दुपारी स्टँडवर कडेगावच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मी तिथंच सगळा भाग म्हणून दाखवला, पुस्तकाशिवाय. धर्मशाळेत जागा नव्हती, ते. जनावरांची गव्हाण. मग रानात राखण करणारे मेंढपाळ. कर्नाटकच्या गाड्यांची घोषणा चालली होती म्हणून मला मोठ्यानं म्हणावं लागलं. शेंगा विकणारी बाई टोपली टेकवून थांबली.

इतकी वर्षं पाठ असलेली ती गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. त्या आईबापांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, जागा दुसऱ्यांना दिलीय.

तात्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "तुमच्या बाईस्नी हे ठावं न्हाई व्हय?"

"त्यांनीच शिकवलंय मला, तात्या."

गाडी लागली. तात्यांनी मांडीवरची घोंगडी उलगडून पाहिली. खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे तिच्यात तसेच होते. खळगे हातानं चोळत ते म्हणाले, "मग तू तरी उचलायची हुतीस, पोरी."

आणि गाडीत चढले.