सरकार बनेपर्यंत बैल कुणाचा?

ती घटना आठवली की आजही माझे डोके सणकते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या गोळ्याही ऐकल्या. पण एका बैलाने मला जेवढा वैताग दिला, तेवढा कोणत्याही गुन्हेगाराने दिला नाही.

लोकसभेची निवडणूक नुकतीच आटोपली होती. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात निवडणूक म्हणजे पोलिसांची सत्त्वपरीक्षा. मतदान कर्मचाऱ्यांच्या पार्ट्या जंगलातल्या गावांत पोचवा, मशिनी सुखरूप परत आणा, मग स्ट्राँगरूमवर पहारा द्या, मग मतमोजणी. माझे शिपाई उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. निकाल लागला तेव्हा वाटले, सुटलो एकदाचे. कसले सुटतो! दिल्लीत कोणालाच बहुमत नाही. सगळ्यात मोठ्या पक्षालाही थोड्या जागा कमी पडल्या. आता कोण कोणाला पाठिंबा देणार, याची गणिते थान्यात लिखापढी करणाऱ्या मुंशीपासून कोठडीतल्या दारुड्यापर्यंत सगळेच मांडू लागले.

अशात एका सकाळी किरनापूरकडच्या गावातला एक शेतकरी तणतणत थान्यात आला.

"साहेब, माह्या पटाचा बैल चोरीले गेला. आन् चोर आमचा जवाईच हाय. लिव्हा रिपोर्ट!"

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडे पटाच्या बैलाची जेवढी बडदास्त ठेवतात, तेवढी घरातल्या म्हाताऱ्यांचीही ठेवत नाहीत. हा शेतकरी साळा आणि त्याच्या बहिणीचा नवरा तो जावई; या दोघांच्या बैलांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. एक बैल साळ्याचा, दुसरा जावयाचा. शर्यतीला दोन्ही एकत्र जुंपायचे. पक्ष मात्र दोघांचे वेगळे. साळा त्या मोठ्या पक्षाचा. जावई एका छोट्या पक्षाचा, आणि प्रचारात मोठ्या पक्षाला शिव्या घालण्यात त्याने काही कसर ठेवली नव्हती. एका लग्नाच्या पंगतीत दोघांनी शंकराची आण घेऊन शर्त लावली होती. साळ्याच्या पक्षाने सरकार बनवले तर जावयाचा बैल त्याचा, नाही बनवले तर साळ्याचा बैल जावयाचा.

आणि सरकार तर कोणाचेच बनत नव्हते. जावई म्हणे, बहुमत नाही, शर्त संपली. साळा म्हणे, राष्ट्रपतींनी अजून कोणाला बोलावले आहे काय? दोन्हीकडून लाठ्या आणि कुऱ्हाडी निघायच्याच बाकी राहिल्या होत्या, तेवढ्यात बैल गायब.

रोजनामच्यात नोंद करून मी पंचनाम्याला गेलो. साळ्याच्या गोठ्यात दावे कापलेले नव्हते, नीट सोडलेले होते. बैल मारका, परक्या माणसाला जवळ फिरकू देत नसे. म्हणजे चोर घरोब्यातलाच. जावयाला थान्यात आणले आणि समोर बसवले.

"बैल कुठे लपवलास?"

"साहेब, शर्त मी जिंकलो. बैल माहाच झाला. आपलाच बैल मी काहून चोरू?"

"मग तो तुझ्या गोठ्यात का नाही?"

"तेच तर मी विचारून राह्यलो! त्यानंच लपवला, मले द्या लागू नये म्हनून."

पोलिसी आयुष्यात मी खोटे बोलणारे खूप पाहिले. खोटे बोलणारा मधेमधे थबकतो, पाणी मागतो. हा गडी मात्र माझ्यावरच डाफरत होता. तो खरे बोलत होता, आणि त्यानेच माझा संताप वाढत होता. बाहेर पिंपळाखाली दोन्हीकडची माणसे जमू लागली होती. जावयाची बायको, म्हणजे साळ्याची सख्खी बहीण, नवऱ्याचा डबा घेऊन व्हरांड्यात बसली होती. तिला विचारले तर म्हणाली, "मले काय मालूम?" आणि पदर पुढे ओढला.

टीप आली ती हट्टा गावाहून. तिथला एक किराणावाला माझ्या ओळखीचा होता. बैलाची बातमी त्याच्याही कानावर गेली होती, त्याचा फोन आला.

"साहेब, त्या बैलवाल्याच्या बहिनीची आत्या आमच्या गावात राह्यते. महानुभाव पंथाची बुढी. तिच्या घरात आजवर कधी अंडं शिरलं नाही. आन् आता माह्याकडून अंड्याचे ट्रेच्या ट्रे नेऊन राह्यली!"

पटाच्या बैलाला दुधात कच्ची अंडी फोडून पाजतात. मी तडक जीप काढली. आत्याबाई नाकाला पदर लावून ओसरीवर बसल्या होत्या आणि मागच्या पडवीत बैल आरामात रवंथ करत होता.

"घेऊन जा बापा याले," आत्याबाई म्हणाल्या. "भाचीचं तोंड पाहून ठेवला. माहा धरम बुडवला यानं."

आत्याबाईंच्याच हाताने बैल टेम्पोत चढवून मी थान्यात परतलो आणि त्या बहिणीला आत बोलावले. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"हौ, मीच नेला. लहानपनापासून माह्या हातचा हाय तो. सरकार बनत नाही तवर कोनाच्याच गोठ्यात नको, म्हनून नेला. भाऊ देत नाही, नवरा सोडत नाही. एकाचं डोकं फुटलं असतं तर मी कोनाले रडू, साहेब?"

मी साळ्याकडे वळलो. "आरोपी सापडला. तुझी बहीण आहे. लिहू नाव?"

तो पुटपुटला, "राहू द्या साहेब." मी प्रकरण बंद करण्याचा खात्मा अहवाल तयार करायला सांगितला आणि बैल सुपूर्दनाम्यावर त्याच्या ताब्यात दिला.

तेवढ्यात टीव्हीपुढून मुंशी ओरडला. जावयाच्या छोट्या पक्षाने साळ्याच्या मोठ्या पक्षाला पाठिंबा जाहीर केला होता. कालपर्यंत एकमेकांची लाज काढणारे नेते एकाच हारात मान घालून हसत होते. मला वाटले, आता तरी हे दोघे हसतील. मी म्हणालो, "पाहा! तुमचे नेते एका पंगतीला बसले. घ्या आता तुम्हीही एकमेकांचा हात हातात."

जावई म्हणाला, "आमचा पाठिंबा बाहेरून हाय. आम्ही झुकलो नाही."

साळा म्हणाला, "मंग सरकार आमचंच बनलं ना? काढ बैल!"

मी टेबलावर रूळ आपटला आणि दोघांनाही थान्याबाहेर हाकलले. एक बैल घेऊन एका वाटेने गेला, दुसरा मोटारसायकलवर दुसऱ्या वाटेने. ती बाई कोणाच्याच मागे गेली नाही. ती आत्याकडे, हट्ट्याच्या बसमध्ये बसली.

पोळ्याच्या बंदोबस्ताला मी त्या गावात होतो. जावयाचा बैल दरवर्षी साळ्याच्याच बैलाशेजारी तोरणाखाली उभा राहायचा, म्हणून सवयीने जावई त्या वर्षीही त्याला घेऊन आला. एकेकटा बैल घेऊन दोघे दोन टोकांना उभे. गावातले म्हातारे म्हणाले, पोळा जोडीचा असतो, लावा बैल शेजारी. कोणी हलले नाही. दोन्ही बैल पूजा न होताच परत गेले.

खरा चोर सापडला की गुन्हा निकालात निघतो, अशी माझी समजूत होती. या प्रकरणाने ती मोडली. पुढे प्रत्येक निवडणुकीआधी शांतता समितीच्या बैठकीत मी हात जोडून सांगत असे, मते कोणालाही द्या, पण घरात शर्ती लावू नका. लोक हौ हौ म्हणत आणि बाहेर पडून शर्ती लावत. नेत्यांना युती मोडण्याची आणि जोडण्याची सवय असते. यांना फक्त मोडता येते.

ती बाई पुढे नवऱ्याकडे परतली, पण भावाच्या उंबऱ्यावर नवरा तिला जाऊ देत नाही. राखी ती पोस्टाने पाठवते. दोन गावांच्या मधे फक्त एक नाला आहे, उन्हाळ्यात तर तो कोरडाच असतो.