आंब्याचा फुटवा

सत्तर सालाच्या आसपास मी काशीगावच्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याचं घर होतं. त्या उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला आणि घर, गुरांचा चारा, आंब्याची सहा झाडं, सगळं जळून गेलं. गावाने बांबू दिले, माणसं जमली आणि पावसाआधी घर पुन्हा उभं राहिलं. लोकांना वाटलं, निभावलं.

पण तो बोलता बोलता मध्येच थांबायचा, नाक वर करून वारा हुंगायचा आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायचा. पावसात डोंगर हिरवागार झाला, तेव्हा तो मला रोज अंगणात उकिडवा बसून गवत उपटताना दिसे.

एक दिवस त्याची बायको धावत रस्त्यावर आली. "मास्तर, बघायला या! आंब्याला फुटवा आलाय!"

जळक्या खोडाच्या बुडाशी तांबूस कोवळी पानं होती. मी काही बोलणार, तोच त्याने कोयत्याने ती छाटली.

"अरे, असं का केलंस?"

"आज हिरवं हाय, मास्तर. उद्या वालंल, परवा जलंल," तो शांतपणे म्हणाला.

दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन भाईंदरच्या मिठागरावर मजुरीला गेला. तिथे एकदा भेटला. भोवती नुसती पांढरी, सपाट जमीन होती.

"बरं आहे ना इथे?" मी विचारलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "हितं काय उगवतच न्हाय."