आतल्या टोकाचा जावई

विमानतळावरचे लोडर त्याला 'भिंग' म्हणायचे. विमानाच्या पोटात सामान रचताना तो एकेका बॅगेकडे असा बघायचा, जणू तिनेच काहीतरी दडवलंय. घरीही दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत कुणी त्या नजरेतून सुटत नसे.

त्या वर्षी बॅगांची कुलपं तुटल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि भिंग प्रत्येकावर नजर ठेवू लागला. नेमकं त्याच सुमारास त्याने स्वतः शब्द टाकून जावयाला आपल्या टोळीत लावून घेतलं होतं.

जावई कामाला वाघ होता, पण एक गोष्ट खटकायची. सामानकप्प्याच्या पार आतल्या टोकाला, जिथे रांगतच जावं लागतं, तिथे तो हट्टाने जायचा. बाकीचे उतरले तरी हा आतच. बाहेर आला की चेहरा घामाने डबडबलेला आणि खिसा फुगलेला.

"इतका वेळ काय करत होता, जावईबापू?"

"काही नाही, बाबा. एक पेटी हलत होती, नीट बसवली."

लेकीला आडून विचारलं, तर ती म्हणाली, "हल्ली झोपेत दचकून उठतात. विचारलं की विषय बदलतात."

मनात खोट असल्याशिवाय माणूस दचकेल कशाला? भिंगाची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅगांचा पट्टा थांबताच तो दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत आत शिरला. जावई शेवटच्या पेट्यांआड पाठमोरा बसला होता. त्याचा हात खिशात गेला.

"खिसा उलटा करा!" भिंग ओरडला. आवाज बाहेर मुकादमापर्यंत गेला.

जावयाने मुकाट्याने खिशातलं काढून पुढे धरलं. ओला रुमाल होता.

"बंद जागेत माझा जीव गुदमरतो, बाबा. हा तोंडावर धरला की जरा सावरतो."

"मग आतलंच टोक का मागता?"

"मी नाही म्हटलं तर मुकादम तुम्हाला पाठवेल. तुमचे गुडघे..."

दाराशी चार डोकी जमली होती. "काय सापडलं रे?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही. मलाच उगाच वाटलं," भिंग पुटपुटला. मान वर करून बघायची त्याला सोय उरली नव्हती.

पुढे कळलं, कुलपं विमान जिथे उतरायचं त्या पलीकडच्या विमानतळावर तुटत होती. तोवर भिंगाने मुकादमाच्या हातापाया पडून जावयाला उघड्यावरच्या सामानगाडीचं काम मिळवून दिलं होतं आणि आतलं टोक स्वतःकडे घेतलं होतं. गुडघे बोंबलायचे, पण तो हूं की चूं करत नसे.

सुट्टीच्या दिवशी तो लेकीकडे गेला. जावयाने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"राग आहे का मनात?"

"छे, बाबा!" जावई हसला.

भिंग घरी परतला, पण त्याला चैन पडेना. "ते हसणं मनापासूनचं होतं की तोंडदेखलं?" त्याने बायकोला विचारलं.

"मग जा, परत विचारून या," ती वैतागून म्हणाली.

तो खरंच चपला शोधू लागला, तशी तिने उठून दाराला कडी घातली.