उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

चेन्नईच्या वेलचेरीत आमच्या शेजारच्या दारावर एक पितळी पाटी आहे. ‘वादिराज राव, गिरीधर राव, ॲडव्होकेट्स.’ त्यातल्या वडिलांनी वय झालं म्हणून वकिली थांबवली आणि मुलाने दोन वर्षांपूर्वी आपणहून सोडली. पाटी काढायचं मात्र दोघांपैकी कुणी नाव काढत नाही.

मी रुचिरा, मूळची सांगलीची. आठवडाभर आयटी कंपनीत राबते आणि रविवारी गिरीधर सरांच्या पॉडकास्टची काटछाट करते. त्याचं नाव ‘अडुत्त तेदी’, म्हणजे पुढची तारीख. आयुष्यातली कामं पुढच्या तारखेवर ढकलणाऱ्यांना दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, पाहुण्यांना बोलतं करायचं, सगळं तमिळमध्ये; ती मी इथे येऊन शिकले. इतकं झकास नाव सुचणारा माणूस मुलाखती इतक्या वाईट कशा घेतो, म्हणून सुरुवातीला माझा जळफळाट व्हायचा.

माणूस मात्र सोन्यासारखा. घराणं तंजावरी मराठी. बोलण्यात जुनी मराठी आणि तमिळ यांचा असा काला की मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. वकिली होती नवरा-बायकोच्या भांडणांची. जेवलात का, झोप लागते का, आईला फोन केलात का, हेच सर पक्षकारांना कोर्टाच्या व्हरांड्यात विचारत बसायचे. एक बाई खटला जिंकल्यावर म्हणाली, “निकाल मी विसरेन सर, पण त्या दिवशी तुम्ही बळेच इडली खायला घातलीत ते नाही विसरणार.” सरांनी घरी येऊन काळा कोट कपाटात ठेवला आणि माइक विकत आणला.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो कुठे! पाहुणा येण्याआधी सर त्याला फोन करत आणि साक्षीदाराची तयारी करून घ्यावी तसं सगळं विचारून घेत. त्या बिचाऱ्याची चांगली गोष्ट फोनवरच संपून जायची. मग माइकसमोर उलटतपासणी. नंदिता नावाची पोहणारी मुलगी आली होती, अपघातातून उठून पुन्हा पाण्यात उतरलेली. सरांनी विचारलं, “अपघातानंतर तुम्ही घाबरलात, हे खरं आहे ना?” ती म्हणाली, “हो.” “तरीही तुम्ही पाण्यात उतरलात, बरोबर?” “हो.” अख्ख्या मुलाखतीत त्या पोरीने दुसरा शब्द उच्चारला नाही. मी भांडले. सर म्हणाले, “काय करू पा, अप्पांनी शिकवलंय. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न कधी विचारायचा नाही.”

हे अप्पा म्हणजेच वादिराज. मुलाने कोट उतरवला त्या दिवसापासून त्या विषयावर ते मूग गिळून बसले होते. क्रिकेटवर बोलत, पाण्याच्या टँकरवर बोलत, कॉफी पातळ झाली म्हणून ओरडत, पण त्यावर अवाक्षर नाही. सरांना हे आतून खात होतं. एकदा मला म्हणाले, “अप्पांना माझा राग आहे का, एवढंच कळलं असतं तर बरं होतं.”

“मग विचारा ना!”

“उत्तर ठाऊक नाही. कसं विचारू?”

मी कपाळाला हात लावला.

गेल्या महिन्यात पाऊस झाला आणि नेहमीप्रमाणे आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं. ठरलेला पाहुणा येऊ शकेना. मी माइक लावून बसलेली, सर हवालदिल. अप्पा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, “त्यांनाच बसवा. तयारीचा फोनही करावा लागणार नाही.” सर नको नको म्हणेपर्यंत मी आत जाऊन अप्पांना विचारूनही आले. ते पेपरची घडी घालून उठले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि येऊन ताठ बसले.

सरांनी तमिळ सोडून घरच्या बोलीतच सुरुवात केली. “तुमचा जन्म तंजावरचा, हे खरं ना?”

“स्वतःच्या साक्षीदाराला असा प्रश्न विचारतात काय रे?” अप्पा कडाडले. “उत्तर तूच देतोस असकं, सगळंच! मग मी कशाला बसलों इथे?”

मला हसू आवरेना. सर मात्र गोरेमोरे झाले. समोरचा पाण्याचा ग्लास त्यांनी दोनदा उचलून तसाच खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, “अप्पा, मी वकिली सोडली. तुम्हाला माझा राग आहे का?”

अप्पांनी चष्मा काढला.

“राग? नाही पा. लाज वाटते.”

सरांचा चेहरा पडला. अप्पांनी हात वर केला, थांब म्हणून.

“तुझी नाही रे, माझी. लॉ कॉलेजचा फॉर्म मीच आणला होता. उदंड साक्षीदार तपासले आयुष्यात, पण तुला वकील व्हायचंय का, एवढं विचारलं नाही. काय सांगशील ते ठाऊक नव्हतं, म्हणून नाही विचारलं.” ते पुढे झुकले. “आता विचारतों. वकील व्हायचं होतं का तुला?”

“नव्हतं, अप्पा.” सर हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही रडत होते, खोटं कशाला सांगू.

“सरी, बरं तर,” अप्पा म्हणाले आणि चष्मा लावून माझ्याकडे वळले. “रुचिरा, हे कापू नकोस. साक्ष उशिरा आलीय, पण रेकॉर्डवर राहू दे.”