पंचांसमोर काढू नये अशी गोष्ट

शिक्षकाच्या कानावर पडलेलं गुपित त्याच्याबरोबर चितेवरच जातं, असं मी तरुणपणी मानत असे. मानत असे म्हणजे चारचौघांत सांगतही असे.

एकोणीसशे तीसच्या आसपास मी पालीला शाळेत शिकवत होतो. एका बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर एक बाई व्हरांड्यात येऊन बसली. वय पंचविशीचं, शेजारी सुक्या मासळीची टोपली. समुद्राकडच्या गावाहून पहाटे निघाली होती. वाटेत दोन शाळा लागल्या असणार.

"तुमच्या गावात मास्तर नाहीत का?" मी विचारलं.

"हायत की. पन त्यांची बायको बी हाय."

तिने चोळीतून पत्र काढलं. नवरा मुंबईला गिरणीत होता. पत्र चारच ओळींचं: शिमग्याला येतो, पंचांची बैठक बसवून सोडचिठ्ठी करू, तुझं म्हणणं कळव. कारण लिहिलेलं नव्हतं. मला तो गबाळेपणा वाटला.

त्यांच्या जातीत सोडचिठ्ठीची रीत होती, आणि सुटलेल्या बाईला पाट लावून दुसरा संसार मांडता येई. आमच्या जातीत ती सोय नव्हती. आमच्याकडे बायको माहेरी टाकून देत आणि त्याला धर्म म्हणत.

तिला सोडचिठ्ठी मान्य होती. दागिन्यांवरही हक्क नको होता. तिची मागणी एकच होती.

"बैठकीत त्यानं 'पटत नाय' येवडंच बोलावं. ती गोष्ट काढू नये. तुमी लिवा, 'ती गोष्ट'. त्येला समजंल."

"कोणती गोष्ट? मोघम लिहून चालत नाही, बाई."

तिने अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं. मग सांगितलं. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला मूल होणार नाही म्हणून सांगितलं होतं. हे नवऱ्याला आणि तिलाच ठाऊक होतं. इकडे एका होडीवाल्या बिजवराने तिच्या भावाकडे विचारणा केली होती. त्याला पोटचं मूल नव्हतं, आणि हवं होतं.

"सांगितलं तुमाला," ती म्हणाली. "आता लिवा, ती गोष्ट."

मी लिहिलं. कागद कसा पक्का असावा याबद्दल माझी मतं होती आणि ती दाखवायला पालीत फारशी संधी मिळत नसे. "मुंबई मुक्कामी डॉक्टरांनी माझे ठायी अपत्यप्राप्तीची अक्षमता असल्याबाबत दिलेला अभिप्राय पंचांसमोर उघड करू नये." नंतर तिला सगळं पत्र वाचूनही दाखवलं. एवढे मोठे शब्द ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला. तिने अंगठा उठवला. मी पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलं. ती पैसे देऊ लागली ते मी घेतले नाहीत, आणि त्याचंही मला कौतुक वाटलं.

शिमगा झाल्यावर ती पुन्हा आली. व्हरांड्यात चढली नाही, अंगणातच उभी राहिली.

"तुमचं अक्षर लय झ्याक म्हंतात, गुरुजी. आख्खी खोली वाखाणत व्हती."

"कसली खोली?"

"मुंबईची. गावकऱ्यांची. माज्या नवऱ्याला कुठं वाचता येतंय? आयतवारी एक जन सगळ्यांची पत्रं वाचतो, बाकीचे ऐकतात. म्हनून तर म्हनलं व्हतं तुमाला, ती गोष्ट लिवा." तिचा आवाज चढला नाही. "तुमचा त्यो मोठा शब्द कुनाला कळंना. मग गिरणीतल्या कारकुनाकडनं इचारून आनला."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, आणि न आठवणं सोयीचं आहे.

होडीवाल्याने दुसरीकडे पाट लावला होता. भावजयीने तिची चूल वेगळी मांडली होती. ती आता लांज्याला कुणाच्या घरी काजू फोडायला राहणार होती. नवऱ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्याने शब्द पाळला, म्हणाली. बैठकीत 'पटत नाय' एवढंच बोलून खाली बसला.

पंचांनी कारण विचारलं नाही. पाचांतले तिघे त्याच खोलीत राहत होते.