कानात बोटं घालून ऐकणारे शिनेमाभाऊ

कानात बोटं घालून गोष्ट ऐकणारा माणूस मी जन्मात एकच बघितला. आमचे शिनेमाभाऊ. मुंबईत मुक्या शिनेमाच्या कंपनीत ते सुतार व्हते. फळ्या नि कापडाचे राजवाडे उभे करायचे. शिमग्याला गावी, दिवेआगरला आले, की आम्ही बाया सुपारी सोलायला बसायचो तिथंच येऊन ठाण मांडायचे. मोठ्या खेळाच्या आधी दाखवायला छोटी चित्रं लागतात, गावाकडच्या गोष्टी आणा, असं मालकानं सगळ्या कामगारांना सांगितलं व्हतं म्हणे.

गोष्ट एकदा नीट ऐकायचे. मंग दोन्ही कानांत बोटं घालायचे. "आता परत सांग. बोललेलं कोणाला ऐकू जाणार न्हाय. दिसूदे."

शेजारच्या सगुणाआतेनं सासूची गोष्ट सांगितली. सगळ्या शिव्याच.

"आते, शिवी दिसत न्हाय. सासू करते काय?"

"करते काय मेली! भाकऱ्या टोपलीत झाकते नि वर आपण बसते."

"मंग बसव की तिला! टोपली मी करतो, मजबूत."

आतेनं सुपारीच्या पाटीवर बसून सासू दाखवली नि पाटीच मोडली. भाऊ कानातली बोटं न काढता हसत व्हते.

मला त्या वर्साला हसू कमीच यायचं. आमचे ह्ये पोफळीवर चढून सुपारी काढायचे. बोटीवर नोकरी मिळते म्हणून मुंबईला गेले, ते दोन वर्सं पत्र न्हाय. घरात सासू, डोळ्यांनी गेलेली. पेज पिऊन दिवस काढले. असो. मला एवढंच वाटायचं, की माझी गोष्ट चित्रात यावी. कुठल्या तरी बंदरात ह्यांनी ती बघावी, घर आठवावं.

म्हणून मी सांगितलं, एक बाई रोज दारात बसून नवऱ्याची वाट बघते नि रडते.

भाऊंनी कानात बोटं घातली. मी बसले, डोळ्यांना पदर लावला. जरा वेळानं ते म्हणाले, "वैनी, झोप आली मला."

मला राग आला. "तुमच्यावर वेळ आली असती म्हंजे कळलं असतं!"

"रडू सगळ्यांनाच येतं गे. त्याला तिकीट कोण काढंल? तो गेल्यावर सुपारी कोणी काढली, ते सांग."

"मीच. दुसरं कोण हाय?"

बायांचे हात थांबले. मी पहाटेच चढून घ्यायची, कोणाला सांगितलं नव्हतं. बाईमाणसानं पोफळीवर चढायचं म्हंजे गावभर बोलणं.

"आणि दुसऱ्या झाडावर? उतरून परत चढायचीस?"

"तेवढी ताकद कुठली! शेंडा हलवायचा, झोका घ्यायचा, पलीकडची पोफळ धरायची. ह्ये करायचे तसंच."

"भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पलीकडं हात लागंपर्यंत."

भाऊंनी परत कानात बोटं घातली. मी उभी राहिले, कासोटा खोचला नि हातांनी झोका दाखवला. माझं झालं तरी त्यांची बोटं कानातच.

"ही गोष्ट," म्हणाले. "आता तो आला काय, न आला काय."

"असं कसं? आलाच पायजे!"

"बरं, येऊदे. पण दारात कोणी रडत बसलेलं न्हाय. तो इकडंतिकडं शोधतो. मंग मान वर करतो. तिथं संपलं."

पुढच्या शिमग्याला आले ते थेट माझ्याकडं. "वैनी, तुझी गोष्ट परत आणली. मालक म्हणतो, बाई झाडावरनं पडूदे, नवऱ्यानं तिला झेलूदे. मी सांगितलं, आमची बाई पडत न्हाय."

वाईट वाटलं मला. चित्र न्हाय, म्हंजे ह्यांना कळणार न्हाय. पण हसूही आलं. त्या दिवसापासून मी उजेडी चढायला लागले, गावादेखत.

मंग शिनेमे बोलायला लागले नि ती कंपनी बुडाली. "आता माझ्या कानांना काम लागलं," म्हणून भाऊ हसले. पुढं तिकडंच तापानं गेले. त्यांची खबर आली तेव्हा मी सुपारीच सोलत व्हते.

त्याच्या दुसऱ्या वर्सी एका सकाळी मी वर असताना फाटक वाजलं. डोक्यावर ट्रंक, दाढी पांढरी, पण चाल ह्यांचीच. दारात गेले, आत डोकावले; सासू तवर वारली व्हती, घरात कोणी नव्हतं. विहिरीकडं बघून आले. हाक माझ्या तोंडापर्यंत आली व्हती. मी ती मारली न्हाय. शेंड्याला धरून गप राहिले. सगळी वाडी शोधून झाली, तेव्हा ह्यांनी मान वर केली.

खालून काय काय बोलत व्हते. झावळांच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला न्हाय. दिसलं मात्र सगळं.