वहिनींच्या उंचीची दुर्बीण

दादा गेला हे मला कल्याणच्या शाळेत, वर्गावर असताना कळलं. ठाण्याच्या गाडीने आलेला त्याच्या कचेरीतला शिपाई दारात उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "मास्तर, चला." आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असलेल्या माझ्या थोरल्या भावाला पटकीने एका रात्रीत नेलं. चैत्र संपत आला होता. त्याला आणखी काही आठवडे मिळाले असते तर… पण ते मागायचे कुणाकडे?

दादा मोजणी खात्यात नकाशे काढायचा. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या लिलावात त्याने पितळी दुर्बीण घेतली, तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. ठाण्याच्या घरामागे मिठागरं, त्यामुळे दक्षिणेचं आकाश पार खालपर्यंत मोकळं. वैशाखात तिथे नराश्व नावाच्या तारकासमूहातला एक ठळक तारा थोडा वेळ वर येतो. आपल्या सूर्याचा तो सगळ्यात जवळचा शेजारी, आणि दुर्बिणीतून पाहिलं की एक नाही, दोन! वहिनींचं नुकतंच लग्न झालं होतं. दादाने त्यांना तो दाखवला, तेव्हा लाजायचं विसरून त्या ओरडल्या, "अगंबाई, जोडी आहे की!" वहिनी ठेंगण्या. दादाने तिवईचे पाय त्यांच्या बेताने आखूड केले आणि स्वतः कमरेत वाकून बघू लागला. मी चिडवायचो, "दादा, कचेरीतला मुजरा घरीही चालू का?" तो हसायचा, पण पाय काही वाढवायचा नाही.

पुढे काही वर्षांनी ती जोडी दिसेनाशी झाली. काच कितीही पुसा, तारा एकच. वहिनींचा चेहरा उतरला. "दोघांतला एक गेला. आता मी एकटी मागे राहणार," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांच्या मनातून काही केल्या जाईना. दादा समजवायचा, की दोघं एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीला ऐंशीएक वर्षं लागतात, आणि वाट गोल नाही, अंड्यासारखी लांबट आहे. "जवळ आले की धावतात, लांब गेले की रेंगाळतात. हे दिवस भराभर जातील बघ. तुला पुन्हा दोन दाखवतो, मग तर पटेल?" दर वैशाखात तो वाकून बघायचा आणि मुकाट्याने आत यायचा. गेल्या वर्षी मात्र धावत आला. "तारा लांबट दिसतोय! पुढच्या वर्षी सुटणार!" वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. ते आम्ही विसरूनच गेलो होतो.

वैशाख सरता सरता मी ठाण्याला गेलो. वहिनी मधल्या अंधाऱ्या खोलीत बसून होत्या. केस उतरवलेले, अंगावर आलवण. त्यांच्याकडे बघवेना. दिवेलागणीनंतर दुर्बीण मागच्या अंगणात नेली. तिवईचे पाय आखूडच होते, म्हणून दादासारखाच वाकलो. तारा थरथरत होता, मग क्षणभर स्थिरावला… दोन. स्वच्छ, सुटे. दादाचं बोलणं खरं ठरलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता संताप आला. लाखो वर्षं फिरणाऱ्यांना महिनाभर आधी सुटायला काय झालं होतं?

खोलीच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "वहिनी, दोन आहेत. दादा म्हणाला होता तसेच. येता का बघायला?"



"असतील. पण मला एक दिसला होता, तेच खरं झालं ना, भाऊजी?" मग म्हणाल्या, "ती दुर्बीण आत आणा. खारा वारा लागतो. इकडून कधी बाहेर ठेवली जायची नाही."

मी ती आत आणून दादाच्या कोपऱ्यात ठेवली. तिवईचे पाय तसेच राहू दिले. त्या उंचीवरून बघणारं आता या घरात कुणी नाही.